मुखपृष्ठ बदललं की वाचक का चिडतात?

एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या लाडक्या पुस्तकातला एकही शब्द बदलला नाही, फक्त वरचं चित्र बदललं, तर तुम्हाला राग येईल का? "हॅ, त्यात काय!" असंच तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो, आणि माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, महिनाभराचा अबोला ओढवून घेतला होता.

झालं असं, की मी दहा वर्षांचा असताना ताईने तिचा 'हॅरी पॉटर'चा सेट मला एकेक करून वाचायला द्यायला सुरुवात केली. पहिली दोन पुस्तकं मी नीट परत केली. तिसरं, म्हणजे 'प्रिझनर ऑफ अझकाबान', अर्धं वाचून झालं होतं तेव्हा पावसाच्या गडबडीत रिक्षात विसरलो. रिक्षा गेली ती गेलीच. आईने ओरडून घेतलं आणि मग दुकानातून नवीन प्रत आणून दिली. कोरी करकरीत, चकचकीत. मी ती मोठ्या ऐटीत ताईला नेऊन दिली. तिने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "हे माझं पुस्तक नाही."

"अगं, गोष्ट तीच आहे! एक शब्द बदललेला नाही," मी म्हणालो. झालं, तिथेच चुकलो.

माझं काय चुकलं हे समजायला मला बरीच वर्षं लागली. हा लेख म्हणजे त्याचाच थोडा अभ्यास आहे. त्यासाठी 'हॅरी पॉटर'सारखी दुसरी केस स्टडी शोधून सापडणार नाही, कारण एकाच मालिकेची मुखपृष्ठं इतक्या वेळा बदलली, आणि दर वेळी वाचकांनी त्यावर इतकं बोलून घेतलं, असं फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला आलं असेल.

एका हॅरीचे अनेक चेहरे

पहिलं पुस्तक ब्लूम्सबरी या ब्रिटिश प्रकाशनाने २६ जून १९९७ रोजी काढलं. हार्डकव्हरच्या पहिल्या प्रती फक्त ५०० होत्या. मुखपृष्ठ काढणारा थॉमस टेलर हा २३ वर्षांचा, नुकताच आर्ट स्कूलमधून बाहेर पडलेला मुलगा. तो केंब्रिजमधल्या मुलांच्या पुस्तकांच्या दुकानात काम करत होता आणि हे त्याचं पहिलंच व्यावसायिक काम होतं. त्याने जलरंग आणि पेन्सिल वापरून दोन दिवसांत चित्र पूर्ण केलं : लाल रंगाचं इंजिन, धूर, आणि समोर गोंधळून उभा असलेला चष्मेवाला मुलगा. तेव्हा हॅरी पॉटर कोण हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे टेलरवर अपेक्षांचं ओझंही नव्हतं. पुढे काय झालं पाहा : हेच मूळ चित्र २००१ साली लंडनमध्ये लिलावात ८५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेलं, आणि जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळजवळ १९ लाख डॉलरला!

दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाची चित्रं क्लिफ राइटने काढली, चौथ्याचं जाइल्स ग्रीनफिल्डने आणि पाच ते सात जेसन कॉकक्रॉफ्टने. म्हणजे ज्याला ब्रिटिश वाचक 'ओरिजिनल सेट' म्हणतात, तोच मुळात चार हातांनी काढलेला आहे. ताईचा सेट हाच. तिसऱ्या पुस्तकावर हॅरी आणि हर्मायनी बकबीकच्या पाठीवर बसून उडत असतात, ते चित्र.

अमेरिकेत मात्र वेगळंच. तिथे १९९८ मध्ये स्कोलॅस्टिकने पुस्तक काढताना नावच बदललं. 'फिलॉसॉफर्स स्टोन'चं 'सॉर्सरर्स स्टोन' केलं. (मराठी भाषांतराला ही अडचण आली नाही. आपल्याकडे लोखंडाचं सोनं करणारा 'परीस' आयता तयार होता, म्हणून मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस'.) चित्रं मेरी ग्रँडप्रे हिची, मऊ पेस्टलमधली. 'पी' या अक्षराचा खालचा दांडा विजेसारखा नागमोडी करायचा, ही सगळ्यांना पाठ असलेली अक्षरंही त्याच आवृत्तीतली. ती पुढे सिनेमाच्या पोस्टरवर गेली आणि आता कोणत्याही देशात ओळखू येतात. अमेरिकन वाचकाचा 'ओरिजिनल' हॅरी तो हा.

याच काळात आणखी एक गंमत झाली. मोठी माणसंही ही पुस्तकं वाचायला लागली, पण ट्रेनमध्ये चारचौघांत मुलांचं रंगीत पुस्तक उघडायची लाज वाटायची. म्हणून ब्लूम्सबरीने १९९८ मध्ये खास मोठ्यांसाठी वेगळं मुखपृष्ठ काढलं. त्यावर वाफेच्या इंजिनाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता. आतला मजकूर अक्षरशः तोच. यावरून मुखपृष्ठाचं एक काम कळतं. ते फक्त आत काय आहे हे सांगत नाही, ते "हे वाचणारा कोण आहे" हेही सांगतं.

नंतर तर बदलांचा सपाटाच सुरू झाला. २०१० मध्ये क्लेअर मेलिन्स्कीची लिनोकटची मुखपृष्ठं आली. २०१३ मध्ये अमेरिकेत काझू किबुइशीची, २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये जॉनी डडलची. २०१५ पासून जिम केची मोठी सचित्र आवृत्ती. २०१७ पासून हॉगवर्ट्सच्या चार हाउसेसच्या रंगांतल्या आवृत्त्या, लेव्ही पिनफोल्डच्या चित्रांसह. २०१८ मध्ये ब्रायन सेल्झ्निकची ब्लॅक अँड व्हाइट मुखपृष्ठं, जी सात पुस्तकं ओळीने ठेवली की मिळून एकच लांबलचक चित्र होतं. आणि २०२२ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त ब्लूम्सबरीने पहिलं पुस्तक पुन्हा काढलं, ते कोणत्या मुखपृष्ठासह? थॉमस टेलरच्या त्याच लाल इंजिनासह! फिरून भोपळे चौकात.

मी ताईला जी नवीन प्रत दिली ती डडलची होती, हे आता वेगळं सांगायला नको.

पण बदलतात कशासाठी?

"पैसे काढायचे धंदे!" हे वाचकांचं पहिलं उत्तर असतं, आणि ते अगदीच खोटं नाही. एकच पुस्तक चार हाउसच्या चार रंगांत काढलं की काही भक्त चारही घेतात. पण एवढंच कारण असतं असं मला वाटत नाही.

दुसरं कारण साधं आहे. ज्या मुलाला १९९७ मध्ये हे पुस्तक मिळालं तो आज बाप झालाय. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला दुकानात जे पुस्तक 'बाबांच्या काळातलं' दिसतं, ते तो उचलत नाही. आपण तरी बाबांची गाणी स्वतःहून लावतो का? २०१४ ची मुखपृष्ठं काढताना ब्लूम्सबरीचा उद्देश हाच होता, की नव्या पिढीच्या मुलांनी ही पुस्तकं हातात घ्यावीत. २०११ मध्ये शेवटचा सिनेमा येऊन गेला होता, त्यानंतर वाढणाऱ्या मुलाला ओढून घेण्यासाठी पुस्तकाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागणार होतं.

तिसरं कारण आपल्या क्षेत्रातलं, म्हणजे टेक्निकल. पूर्वी मुखपृष्ठ दुकानाच्या काचेत दिसायचं, आता ते बऱ्याचदा मोबाइलच्या स्क्रीनवर टपालाच्या तिकिटाएवढं दिसतं. बारीक नक्षी तिथे चिखल होते. मोठी अक्षरं, एकच ठळक आकृती, गडद रंग हेच टिकतं. डिस्प्ले बदलला की डिझाइन बदलावं लागतं, हे आपण इंजिनिअरनी तरी समजून घ्यायला हवं.

आणि चित्रकारांच्या बाजूनेही एकदा पाहू. किबुइशी स्वतः ग्रँडप्रेच्या चित्रांचा चाहता. त्याला विचारणा झाली तेव्हा तो आधी कचरला, कारण ती चित्रं बदललेली त्यालाच पाहायची नव्हती. मग त्याने विचार केला, की आपण स्वतः मुलांसाठी 'ॲम्युलेट' ही मालिका लिहितो, तेव्हा एका लेखकाची नजर आपण या कामात आणू शकतो. त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर डायगॉन ॲली आहे. दुकानं, गर्दी, आणि त्या गर्दीत हॅग्रिडबरोबर चाललेला छोटासा हॅरी. ग्रँडप्रेने हॅरीला झाडूवर बसवून मध्यभागी आणलं होतं, किबुइशीने जग मोठं केलं आणि हॅरीला लहान. दोन्ही पुस्तकात आहेच! म्हणजे नवं मुखपृष्ठ हे बऱ्याचदा जुन्याचं खंडन नसतं, ते दुसरं वाचन असतं.

वाचकांच्या तक्रारी : थोडं वर्गीकरण

लॅबमध्ये आधी नमुने वेगळे करायचे आणि मग टेस्ट करायची, तसं करू या. वाचकांच्या प्रतिक्रियांचे मला चार प्रकार दिसतात.

१) "हा आमचा हॅरी नाही." हा सर्वांत मोठा आवाज. गंमत म्हणजे 'आमचा हॅरी' प्रत्येकाचा वेगळा. इंग्लंडमध्ये टेलरचा, अमेरिकेत ग्रँडप्रेचा, आणि ज्यांनी आधी सिनेमा पाहिला त्यांच्यासाठी डॅनियल रॅडक्लिफच. 'ओरिजिनल' म्हणजे जे आधी छापलं ते नव्हे, जे आपण आधी पाहिलं ते. याचा पुरावा मी स्वतः आहे. पहिली दोन पुस्तकं मी ताईच्या जुन्या प्रतींत वाचली आणि तिसरं अर्धं जुन्यात, अर्धं नव्यात. आज 'अझकाबान' म्हटलं की मला आधी बकबीक दिसतो आणि शेवटाकडे आलो की डडलचा हॅरी. एकाच पुस्तकात हिरो बदलतो!

२) "माझा सेट बिघडला." ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. सात पुस्तकं दहा वर्षांत आली, १९९७ ते २००७. वाचक एकेक घेत गेला. मध्येच मुखपृष्ठ बदललं, किंवा एक प्रत हरवली (माझ्यासारख्या गाढवामुळे), की कपाटात सहा पुस्तकांचे कणे एका जातीचे आणि एक उपरा. २०२२ मध्ये जिम केने पाचव्या सचित्र पुस्तकानंतर थांबायचं ठरवलं, तेव्हा ती आवृत्ती जमवणाऱ्यांचीही हीच हळहळ होती. मालिकेचा वाचक हा पुस्तक घेत नसतो, तो रांग लावत असतो.

३) "आता हेही घ्यावं लागणार!" ही रडत रडत खूश होणारी जमात. किबुइशीच्या पेटीतली सात पुस्तकं शेजारी लावली की कण्यांवर मिळून हॉगवर्ट्सचा किल्ला दिसतो. मग काय, जुना सेट असूनही खिसा रिकामा.

४) "हे पुस्तकाशी खोटं आहे." ही तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे. तिच्यावर स्वतंत्रपणे बोलायला हवं.

आठवणीची तक्रार आणि खरेपणाची तक्रार

पहिल्या तीन तक्रारी आठवणीच्या आहेत. चौथी खरेपणाची. दोन्हींचा आवाज सारखाच मोठा असतो, म्हणून आपली गल्लत होते.

उदाहरण पाहा. टेलरला पहिल्या पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी एक जादूगार काढायला सांगितला होता. त्याने आपल्या मनाने एक काढला, थोडाफार स्वतःच्या वडिलांवरून. झालं! पोरं विचारायला लागली, की हा कोण? पुस्तकात असं कोणी नाहीच! हा डंबलडोर म्हणावा तर दाढी रुपेरी हवी. शेवटी प्रकाशकांनी टेलरकडून खरा डंबलडोर काढून घेतला आणि नंतरच्या छपाईत तो बदलला. वाचकांची तक्रार बरोबर होती आणि बदल झाला तो योग्यच.

याहून गंभीर उदाहरण २००९ चं आहे. जस्टिन लार्बलेस्टिअर या लेखिकेच्या 'लायर' या कादंबरीची नायिका कृष्णवर्णीय, आखूड केसांची मुलगी. अमेरिकन आवृत्तीसाठी ठरलेल्या मुखपृष्ठावर मात्र लांब सरळ केसांची गोरी मुलगी! लेखिकेने जाहीरपणे नाराजी सांगितली, वाचक खवळले, आणि पुस्तक बाजारात येण्याआधी प्रकाशकांना मुखपृष्ठ बदलावं लागलं. ही प्रकाशनसंस्था ब्लूम्सबरीचीच अमेरिकन शाखा. इथे वाचक जुन्या आठवणीसाठी भांडत नव्हते, कारण पुस्तक अजून आलंच नव्हतं. ते त्या मुलीच्या चेहऱ्यासाठी भांडत होते. आपल्यासारखी दिसणारी मुलगी आत आहे पण बाहेर दाखवायला नको, असा त्या मुखपृष्ठाचा अर्थ निघत होता.

म्हणून माझा निष्कर्ष असा : खरेपणाची तक्रार प्रकाशकाने ऐकलीच पाहिजे. आठवणीची तक्रार प्रकाशकाने ऐकली नाही तरी चालेल, कारण नवं मुखपृष्ठ आपल्यासाठी नसतंच. ते आपल्यानंतर येणाऱ्या मुलासाठी असतं. आपल्याकडे आपली प्रत आहे ना! तिचं मुखपृष्ठ कोणी येऊन फाडून नेलेलं नाही.

पण मग ताईचं काय? तिची प्रत तर गेली होती.

'कव्हर' आणि 'मुखपृष्ठ'

मी कॉन्व्हेंटचा. बारावीपर्यंत मी 'बुक कव्हर' म्हणायचो. 'मुखपृष्ठ' हा शब्द तोंडात बसला तो कॉलेजच्या या मासिकाच्या मीटिंगांत. आणि तेव्हा डोक्यात एकदम ट्यूब पेटली. इंग्रजीत ते नुसतं झाकण आहे. शाळेच्या वहीला घालतो ते ब्राउन पेपरचं कव्हर, उशीचं कव्हर, स्कूटरचं कव्हर. झाकण बदललं तर काय बिघडलं? आत वस्तू तीच आहे. पण मराठीत ते 'मुख' आहे, चेहरा आहे. माणूस तोच आहे असं कितीही सांगा, चेहरा बदलला की ओळख पटायला वेळ लागतोच.

मी ताईला "गोष्ट तीच आहे" म्हणालो ते झाकणाच्या हिशोबाने. ती "हे माझं पुस्तक नाही" म्हणाली ते चेहऱ्याच्या हिशोबाने. तिची प्रत काकांनी तिच्या वाढदिवसाला आणली होती. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात तारीख होती, आणि बकबीकच्या पंखावर तिच्या हातून सांडलेल्या चहाचा डाग. ती ते पुस्तक उघडत होती तेव्हा आधी ते चित्र दिसायचं, मग ती तारीख आणि मगच गोष्ट. मी फक्त शेवटची एक वस्तू परत केली होती.

पुढच्या वेळी हे तपासून पाहा

लाडक्या पुस्तकाला नवं मुखपृष्ठ आलं, की "शी!" म्हणण्याआधी स्वतःला हे चार प्रश्न विचारा :

१) चित्रातलं माणूस, जागा, प्रसंग पुस्तकातल्या वर्णनाला धरून आहे का? नसेल तर बेधडक तक्रार करा.

२) पुस्तकातलं रहस्य चित्रातच फुटतंय का? हीसुद्धा रास्त तक्रार आहे.

३) हे पुस्तक मी आजवर वाचलंच नसतं, तर हे चित्र पाहून उचललं असतं का? शक्य असेल तर हा प्रश्न घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारा. त्याचं मत आपल्यापेक्षा जास्त मोलाचं, कारण ग्राहक तो आहे.

४) माझा राग चित्रावर आहे, की मी मोठा झालो यावर? याचं उत्तर मोठ्याने द्यायची गरज नाही.

मी हे प्रश्न डडलच्या मुखपृष्ठाला लावून पाहिले. ते पास होतं, चांगल्या मार्कांनी. तरी ताईचा राग चुकीचा नव्हता. तिचा राग चित्रकारावर नव्हताच, माझ्यावर होता. हरवलेल्या वस्तूला मी "तेच तर आहे" म्हणालो यावर होता. मागच्या दिवाळीत तिला हे सगळं सांगितलं आणि दहा वर्षं उशिरा सॉरी म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, "एवढं कळायला इंजिनिअरिंगला जावं लागलं का रे तुला?" तिच्या कपाटात अजूनही सहा जुनी पुस्तकं आणि मध्ये एक चकचकीत उपरं आहे. आता म्हणे तिला ते तसंच आवडतं. पण मला तिचा स्वभाव माहीत आहे.

तेव्हा शेवटी एक विनंती. अप्पा बळवंत चौकातली जुन्या पुस्तकांची दुकानं मी पालथी घातली आहेत, बकबीकवाला 'अझकाबान' काही मिळत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर, कोणा दादा-ताईच्या खोक्यात तो पडून असेल आणि नको असेल, तर मासिकाच्या टेबलापाशी मला गाठा. त्याबदल्यात नवीन प्रत देईन, वर कँटीनचे दोन वडापाव. काकांची तारीख त्यावर नसणार, हे मला ठाऊक आहे. या वेळी ताईला "तेच आहे" असं म्हणणार नाही.